दोन भोवऱ्यांचा इलेक्ट्रॉन

लहान मुलाच्या डोक्यावर केसांचे दोन भोवरे दिसले की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, याची दोन लग्नं होणार. लग्नाचं सोडा, पण तो भोवरा कधीतरी नीट जवळून बघा. अगदी मधल्या ठिपक्यात एकही केस नसतो आणि आजूबाजूचे सगळे केस त्याला वळसा घालून बसलेले असतात. आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो कॉम्पोझिट फर्मिऑन म्हणजे डोक्यावर दोन भोवरे घेऊन हिंडणारा इलेक्ट्रॉन, आणि गेज फ्लक्चुएशन म्हणजे त्या भोवऱ्यांची थरथर. हा विषय मला कित्येक वर्षं आवडत आलाय आणि मराठीत कुठे धड वाचायला मिळत नाही, म्हणून जमेल तसं सांगतो.

आधी हा इलेक्ट्रॉन ज्या सॅम्पलमध्ये सापडतो ते डोळ्यासमोर आणा. काही मिलिमीटरची, करड्या रंगाची, आरशासारखी चकचकीत चकती, कडेला इंडियमचे छोटे छोटे ठिपके आणि त्यांना जोडलेल्या केसापेक्षा बारीक सोन्याच्या तारा. आत गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड या दोन थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन अडकलेले असतात, ते फक्त पुढेमागे आणि डावीउजवीकडे जाऊ शकतात, वरखाली जायला वावच नाही. एका चौरस सेंटिमीटरवर साधारण शंभर अब्ज इलेक्ट्रॉन. ही चकती शून्याच्या (म्हणजे उणे २७३ सेल्सिअसच्या) अगदी जवळ थंड करायची, वरून सरळ खाली जोरदार चुंबकीय क्षेत्र लावायचं, लांबीच्या दिशेने करंट सोडायचा आणि रुंदीच्या दिशेने व्होल्टेज मोजायचं. हे आडवं व्होल्टेज एडविन हॉलने १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खावर मोजलं होतं, म्हणून त्याचं नाव हॉल इफेक्ट. क्षेत्र वाढवलं की हॉल रेझिस्टन्स (म्हणजे हे आडवं व्होल्टेज भागिले करंट) सरळ रेषेत वाढतो, एवढंच आपण कॉलेजात शिकतो.

पण १९८० च्या फेब्रुवारीत ग्रनोबलच्या चुंबक प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना सिलिकॉनच्या सॅम्पलमध्ये दिसलं की तिथे रेषेऐवजी पायऱ्या आहेत, आणि पायरीची उंची २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्ण संख्या. हा २५,८१२ चा आकडा फक्त प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा चार्ज यांच्यातून येतो, सॅम्पल कोणतं, केवढं, किती मळकं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

या पायऱ्या येतात का ते समजायला थिएटरच्या रांगा पुरतात. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतो आणि क्वांटमचे नियम त्याला ठरावीक ऊर्जेच्याच रांगांमध्ये बसू देतात, यांना लँडाऊ लेव्हल म्हणतात. एका रांगेत खुर्च्या किती? तर क्षेत्रात फ्लक्सचे जितके क्वांटम आहेत तितक्या. फ्लक्स क्वांटम म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा सुटा तुकडा समजा, १ टेस्लाच्या क्षेत्रात साधारण ६४ नॅनोमीटर बाजूच्या चौकोनात एक मावतो. क्षेत्र वाढवलं की खुर्च्या वाढतात, माणसं तेवढीच राहतात. एक किंवा दोन किंवा तीन रांगा बरोब्बर भरल्या की पुढच्या माणसाला वरच्या रांगेत जायला एकदम जास्त ऊर्जा लागते, म्हणून सगळं घट्ट बसतं आणि पायरी येते. इथपर्यंत इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात हे विसरलं तरी चालतं.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. बेल लॅब्जच्या डॅनियल त्सुई आणि होर्स्ट श्टोर्मर यांनी आर्थर गोसार्ड यांनी वाढवलेलं एक फार स्वच्छ सॅम्पल घेऊन एमआयटीच्या मोठ्या चुंबकात मोजमाप केलं. आलेख कागदावर उमटत होता आणि एका ठिकाणी जिथे काहीच असायला नको तिथे एक पायरी दिसली. श्टोर्मर यांनी पुढे नोबेल भाषणात सांगितलंय की त्सुई यांनी तिथल्या तिथे दोन बोटांनी आलेखावर शून्यापासून एक रांग भरण्याच्या जागेपर्यंतचं अंतर धरलं, ते माप पुढे टाकत नेलं आणि नवीन पायरी बरोबर तिसऱ्या मापावर आली, म्हणजे रांगेतल्या फक्त एक तृतीयांश खुर्च्या भरलेल्या! १९८२ मध्ये पेपर आला. उंची २५,८१२ च्या तिप्पट, सुमारे ७७,४३८ ओहम.

आता विचार करा, तीनातल्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, कोणीही कुठेही सरकू शकतो, मग सगळं घट्ट बसलंच कसं? इथे ढकलाढकल विसरून चालत नाही, उलट ढकलाढकलीशिवाय इथे दुसरं काही नाहीच. रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ मध्ये एक तृतीयांशचं उत्तर शोधलं, आणि त्सुई, श्टोर्मर, लाफलिन या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. पण सॅम्पल जसजशी स्वच्छ होत गेली तसतसे आणखी अपूर्णांक निघायला लागले, २/५, ३/७, ४/९, आणि दुसऱ्या बाजूने २/३, ३/५, ४/७. जुनी पद्धत असं म्हणायची की एक तृतीयांशच्या पोटातून दोन पंचमांश जन्माला येतं, त्याच्या पोटातून तीन सप्तमांश, अशी पिढ्यांची उतरंड. गणित चुकीचं नव्हतं, पण प्रत्येक पिढीला नवीन कहाणी सांगावी लागत होती.

१९८९ मध्ये जैनेंद्र जैन यांनी ती उतरंड बाजूला ठेवली. राजस्थानातल्या सांभरचा मुलगा, जयपूर, आयआयटी कानपूर, मग अमेरिका, आणि हे काम केलं तेव्हा येलमध्ये होते (२०२५ चं फिजिक्सचं वुल्फ पारितोषिक ज्या तिघांना मिळालं त्यातले एक हेच). त्यांनी बघितलं ते असं की अपूर्णांकांचा आलेख आणि पूर्ण संख्यांचा आलेख दिसायला सारखेच आहेत, फक्त एक सरकवलेला आहे. मग त्यांनी विचारलं, हे दोन एकच असतील तर?

उत्तर म्हणजे ते दोन भोवरे. प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन फ्लक्स क्वांटम स्वतःला चिकटवून घेतो असं माना. दुसऱ्या इलेक्ट्रॉनच्या नजरेने तो म्हणजे दोन भोवरे असलेलं डोकं, मध्यावर जाताच येत नाही, वळसा घालूनच जावं लागतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन आपोआप एकमेकांपासून लांब राहतात आणि ढकलाढकलीतली बरीचशी ऊर्जा वाचते. दोनच का? कारण एक चिकटवला तर इलेक्ट्रॉनचा जातीचा स्वभावच बदलतो, फर्मिऑनचा बोसॉन होतो आणि मग एका खुर्चीत एकच हा नियम राहत नाही. दोन चिकटवले की स्वभाव तोच राहतो. या जोडगोळीचं नाव कॉम्पोझिट फर्मिऑन.

आणि आता आकडे बघा, मला हा हिशोब आजही कागदावर करून बघावासा वाटतो. चौरस सेंटिमीटरला शंभर अब्ज इलेक्ट्रॉन धरले तर एक रांग बरोबर भरते ४.१४ टेस्लाला. एक तृतीयांश येतं १२.४१ टेस्लाला. चिकटवलेल्या भोवऱ्यांचं क्षेत्र किती? प्रत्येकी दोन, म्हणजे ८.२७ टेस्ला, आणि त्याची दिशा बाहेरच्या क्षेत्राच्या उलट धरायची. वजा करा, ४.१४ टेस्ला उरतात! म्हणजे कॉम्पोझिट फर्मिऑनच्या दृष्टीने एक रांग पूर्ण भरली. दोन पंचमांश येतं १०.३४ ला, उरतात २.०७, दोन रांगा भरल्या. तीन सप्तमांश ९.६५ ला, उरतात १.३८, तीन रांगा. दुसऱ्या बाजूचं दोन तृतीयांश ६.२ ला, तिथे उणे २.०७ उरतात, म्हणजे दिशा उलटली पण रांगा दोनच. सगळी उतरंड गेली आणि त्या जागी एक वजाबाकी आली.

मग साहजिकच डोळा जातो बरोबर ८.२७ टेस्लावर, म्हणजे निम्म्या भरलेल्या रांगेवर. तिथे वजाबाकी शून्य. बाहेर एवढं जबरदस्त क्षेत्र, आणि कॉम्पोझिट फर्मिऑनला काहीच जाणवत नाही, तो तांब्याच्या तारेतल्या इलेक्ट्रॉनसारखा सरळ धावतो. बर्ट्रंड हाल्परिन, पॅट्रिक ली आणि निकोलस रीड यांनी १९९३ मध्ये याच जागेची थिअरी मांडली, आणि गेज फ्लक्चुएशनचा खरा विषय इथून सुरू होतो.

गेज हा शब्द ऐकून लोक बिचकतात, पण कल्पना साधी आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या हातात एक घड्याळ आहे असं समजा, एकच काटा असलेलं, त्याला फेज म्हणतात. एका फ्लक्स क्वांटमला पूर्ण फेरी मारली की काटा एक पूर्ण चक्कर फिरतो. आता प्रत्येक ठिकाणी बाराचा आकडा कुठे रंगवायचा हे आपल्या हातात आहे, पुण्यात वर रंगवा, नाशकात बाजूला रंगवा, निसर्गाला त्याने काही फरक पडत नाही. या मोकळिकीला गेज म्हणतात. पण फेरी मारून परत त्याच जागी आल्यावर काटा किती फिरला हे मात्र आपल्या हातात नाही, ते आत किती फ्लक्स आहे त्यावर ठरतं. इथून तिथे जाताना काटा किती फिरवायचा याची जागोजागची नोंद ठेवणारी जी वही, तिचं नाव गेज फिल्ड.

नेहमीच्या चुंबकीय क्षेत्राची वही बाहेरून येते, चुंबक लिहितो आणि इलेक्ट्रॉन वाचतात. इथली वेगळी आहे. इथे भोवरे इलेक्ट्रॉनलाच चिकटलेले, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉन जास्त तिथे भोवऱ्यांचं क्षेत्र जास्त, जिथे विरळ तिथे कमी, आणि हे नातं एका क्षणासाठीही सुटत नाही. चेर्न आणि सायमन्स या गणितज्ञांच्या नावाने हे बंधन ओळखलं जातं (यातले जिम सायमन्स पुढे शेअर बाजारातले फार मोठे गुंतवणूकदार झाले). वही लिहिणारे तेच आणि वाचणारेही तेच.

आता ती शून्याची वजाबाकी परत बघा. आपण सरासरी काढली होती. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी शंभर टक्के भरली म्हणून आपल्या शिवारात पाऊस झालाच असं होत नाही, शेजारच्या मंडळात अतिवृष्टी आणि आपल्याकडे दुबार पेरणी असंही होतं. तसंच इथे. इलेक्ट्रॉन हलतात, क्षणभर इथे दाटी होते तिथे पातळ होतं, आणि जिथे दाटी झाली तिथे भोवऱ्यांचं क्षेत्र ८.२७ पेक्षा थोडं जास्त होतं, पातळ जागी थोडं कमी. बाहेरचं क्षेत्र मात्र सगळीकडे सारखंच. म्हणजे कॉम्पोझिट फर्मिऑनला शून्य क्षेत्र दिसतच नाही, त्याला दिसतात छोटे छोटे ठिगळांसारखे भाग, काही अधिक काही उणे, सतत बदलणारे. यालाच गेज फ्लक्चुएशन म्हणतात. माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे, त्या सुंदर वजाबाकीची किंमत इथे मोजावी लागते.

यातला एक भाग हलतसुद्धा नाही. इलेक्ट्रॉनच्या थरापासून थोडं लांब सिलिकॉनचे आयन मुद्दाम पेरलेले असतात, त्यांच्याकडूनच इलेक्ट्रॉन आलेले असतात, आणि ते वेडेवाकडे विखुरलेले असल्यामुळे इलेक्ट्रॉनची दाटी कायमचीच थोडी उंचसखल होते. बिनचुंबकाच्या साध्या इलेक्ट्रॉनला त्याचं फारसं काही वाटत नाही. कॉम्पोझिट फर्मिऑनला मात्र त्या उंचसखलपणातून उलटसुलट चुंबकीय ठिगळं भेटतात आणि तो प्रत्येक ठिगळावर थोडा वळतो, म्हणूनच निम्म्या भरलेल्या जागी सॅम्पलचा रेझिस्टन्स बिनचुंबकाच्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त निघतो.

हलणारा भाग जास्त खोल आहे. ही ठिगळं फार सावकाश विरतात, जितकं मोठं ठिगळ तितकं सावकाश, आणि सावकाश म्हणजे कमी ऊर्जेचं, म्हणजे कितीही थंड केलं तरी ती थरथर पूर्ण गोठत नाही. कॉम्पोझिट फर्मिऑन तिच्यातून जाताना स्वतःही भोवतालचं ढवळतो, आणि ते ढवळलेलं बरोबर ओढत न्यावं लागल्यामुळे तो जड होतो. किती जड ते इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे ढकलतात त्यावर आहे. नेहमीची लांबवर पोचणारी कूलंबची ढकल असेल तर मोठी दाटी महाग पडते, थरथर आटोक्यात राहते, आणि वस्तुमान शून्य ऊर्जेकडे जाताना वाढत जातं पण फार हळू, लॉगरिदमने. ढकल जवळच्या जवळच संपत असेल (जवळ धातूची पट्टी ठेवून तसं करता येतं) तर थरथर बेफाम होते आणि धड एक कण म्हणून त्याच्याकडे बघणंच अवघड होऊन बसतं. तसंही या कणाचं वस्तुमान चमत्कारिकच आहे, गॅलियम आर्सेनाइडमधल्या इलेक्ट्रॉनचं वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट, आणि कॉम्पोझिट फर्मिऑनचं प्रयोगांमधून त्याच्या साधारण दहापट किंवा जास्त निघतं, कारण ते सगळं ढकलाढकलीतूनच जन्मलेलं असतं.

मग वस्तुमान अनंताकडे चाललं तर सगळी थिअरी कोसळायला हवी ना? इथे १९९४ मध्ये किम, फुरुसाकी, वेन आणि ली यांनी दाखवलं की लांब आणि संथ लहरींनी सॅम्पलला हलवून बघितलं तर बरेचसे त्रासदायक भाग एकमेकांना खोडून जातात. कारण समजण्यासारखं आहे. शेजारी शेजारी धावणाऱ्या सगळ्या कणांना तेच ठिगळ भेटतं, सगळे मिळून डुलतात, गर्दीच्या लोकलमध्ये वळणावर सगळा डबा एकाच बाजूला झुकतो तसं, आणि आपण जे मोजतो ते बहुतेक वेळा त्यांच्यातला आपसातला फरक असतो.

एक प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो बरोबर आहे. निम्म्या जागी कॉम्पोझिट फर्मिऑनला सरासरी क्षेत्र शून्य, तो सरळ जातो, मग हॉल व्होल्टेज येतंच कसं, मोजल्यावर तर हॉल रेझिस्टन्स ५१,६२५ ओहम निघतो! उत्तर सायकलच्या डायनॅमोत आहे. चुंबकीय फ्लक्स सरकला की व्होल्टेज तयार होतं. कॉम्पोझिट फर्मिऑन करंट वाहताना आपले दोन भोवरे बरोबर घेऊन जातात. एक नॅनोअँपिअर करंट म्हणजे सेकंदाला ६.२४ अब्ज इलेक्ट्रॉन, प्रत्येकाबरोबर दोन फ्लक्स क्वांटम, हा सरकणारा फ्लक्स आडव्या दिशेने ५१.६ मायक्रोव्होल्ट तयार करतो, आणि ५१.६ मायक्रोव्होल्ट भागिले एक नॅनोअँपिअर म्हणजे बरोबर ५१.६ किलोओहम. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

हे सगळं नुसतं हिशोबापुरतं नाही हे प्रयोगांनी दाखवलं. ८.२७ टेस्लापासून फक्त ०.२ टेस्ला बाजूला गेलं तर साध्या इलेक्ट्रॉनच्या फिरण्याचं माप साधारण ९ नॅनोमीटरच राहतं, कॉम्पोझिट फर्मिऑनला मात्र तेवढं ०.२ टेस्लाच जाणवतं आणि त्याचं वर्तुळ सुमारे ३७० नॅनोमीटर त्रिज्येचं होतं, चाळीसपट मोठं. बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट विलेट आणि सहकाऱ्यांनी सॅम्पलच्या पृष्ठभागावरून ध्वनिलहरी सोडल्या, आणि लहरीची लांबी या मोठ्या वर्तुळाशी जुळली तिथे नेमकी खूण दिसली. १९९३ मध्येच वूवॉन कांग, श्टोर्मर आणि मंडळींनी सॅम्पलमध्ये बारीक भोकांची जाळी कोरली, आणि वर्तुळ भोकाभोवती बरोबर बसेल त्या क्षेत्राला रेझिस्टन्सचे उंचवटे मिळाले, आधी बिनचुंबकाच्या जागेजवळ साध्या इलेक्ट्रॉनचे, आणि मग निम्म्या जागेच्या दोन्ही बाजूंना तसेच, फक्त २ च्या वर्गमुळाच्या पटीत लांब सरकलेले, कारण तिथे सगळ्यांचे स्पिन (प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या अंगातला इवलासा चुंबक) एकाच दिशेला असतात. अस्तित्व नाकारायला मग जागा उरली नाही.

थिअरीत एक खटकणारी गोष्ट बरीच वर्षं राहिली होती. निम्मी रांग म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या खुर्च्या समान, मग भोवरे फक्त भरलेल्या खुर्च्यांनाच का, रिकाम्यांचं काय चुकलं? २०१४ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रयोगात दिसलं की निम्म्याच्या दोन्ही बाजूंना कॉम्पोझिट फर्मिऑनची संख्या अल्पसंख्य बाजू ठरवते, कधी इलेक्ट्रॉन कधी रिकाम्या जागा. २०१५ मध्ये दाम थान्ह सोन यांनी सुचवलं की हा कण ग्राफीनमधल्या (कार्बनच्या एका अणूएवढ्या जाड थरातल्या) इलेक्ट्रॉनसारखा डिराक जातीचा, म्हणजे वस्तुमान नसल्यासारखा वागणारा, आहे आणि त्याची संख्या बाहेरच्या क्षेत्रावरून ठरते. त्यांच्या मांडणीतही गेज फिल्ड आहेच, थरथरही आहे, फक्त वहीचं बंधन वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं आहे.

आणि या थरथरीचं आणखी एक काम. सुपरकंडक्टरमध्ये एकमेकांच्या विरुद्ध धावणारे दोन इलेक्ट्रॉन जोडी बांधतात. कॉम्पोझिट फर्मिऑननेही बांधावी की, तेही धातूसारखेच वागतात. पण दोन तारांतले करंट एकाच दिशेला असले तर तारा ओढल्या जातात आणि विरुद्ध असले तर ढकलल्या जातात हे आपल्याला माहीत आहे, आणि गेज फिल्डमध्येही तसंच होतं, विरुद्ध धावणाऱ्या जोडीला थरथर फोडत राहते. म्हणून निम्म्या जागी पायरी नाही, तिथे कॉम्पोझिट फर्मिऑनचा धातूच राहतो. वरच्या रांगेत मात्र इलेक्ट्रॉनची आपसातली ढकल थोडी वेगळी असते, तिथे ५/२ या जागी १९८७ मध्ये विलेट आणि मंडळींना सम छेद असलेली पायरी मिळाली, आणि ग्रेगरी मूर आणि निकोलस रीड यांनी १९९१ मध्ये सुचवल्याप्रमाणे तिथे जोड्या थरथरीवर मात करून बांधल्या जातात असं बहुतेकांचं मत आहे, पण नेमक्या कोणत्या प्रकारच्या जोड्या यावर उष्णतेच्या मोजमापांसकट अजून वाद चालू आहे.